नेमाची कादंबरी

मंजुळाबाईच्या जिभेने तिला आयुष्यभर अडचणीत आणलं, पण एकदा तिच्याच जिभेने तिचं भलं केलं. आता भलं सरळ रस्त्याने कुठे येतं? आधी घाम फोडून मगच आलं.

देवपूरच्या वाचनालयात महिन्यातल्या एका रविवारी वाचक मंडळी जमायची. सतरंजीवर दहा-पंधरा माणसं, वर दोन पंखे, त्यातला एक नुसता खडखडणारा. त्या रविवारी एका नव्याकोऱ्या कादंबरीवर चर्चा चालली होती. कॉलेजातले दोन प्राध्यापक तिची भरभरून तारीफ करत होते. मंजुळाबाई मागे बसली होती. तिने बराच वेळ तोंड दाबून धरलं आणि शेवटी राहवलं नाही.

"मला एक कळत नाही," ती म्हणाली. "ही बाई सलग तीन प्रकरणं रडते. घरात चार पोरं, सासरा आणि गोठ्यात म्हैस. मग तेवढे दिवस भाकरी कोण थापतं? म्हैस?"

सगळे खो खो हसले. प्राध्यापकसुद्धा हसले. हसले नाहीत ते फक्त मोतीलालभाऊ. ते वाचनालयाचे कार्यवाह, आणि दरवर्षी पदरमोड करून एक लहानसा दिवाळी अंक काढायचे.

"वहिनी, नावं ठेवायला काय लागतं?" ते म्हणाले. "लिहून दाखवा."

"दाखवीन की."

"कधी?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा!"

झालं! मोतीलालभाऊंना तेच हवं होतं. अंकात कादंबरी देतो म्हणणाऱ्या लेखकाने त्यांना ऐनवेळी टांग दिली होती. जळगावचा छापखाना जूनच्या मध्याला खिळे जुळवायला घेणार होता. "महिनाभर देतो," ते म्हणाले. "पूर्ण कादंबरी पाहिजे. अर्धीमुर्धी मी घेणार नाही." एवढ्या लोकांसमोर माघार कशी घ्यायची? मंजुळाबाई "बरं" म्हणून मोकळी झाली.

घरी येताना मात्र ती पांझरा नदीच्या पुलावर थांबली. कारण खरी गोष्ट घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हती. तिच्या लग्नातल्या ट्रंकेत तळाशी तीन कादंबऱ्या पडल्या होत्या, आणि तिन्ही अर्ध्या. एक पोरांच्या गोवरात अडली, एक नणंदेच्या लग्नात, आणि तिसरी कशात अडली हे तिला स्वतःलाच सांगता आलं नसतं. ही चौथी जर अडली, तर पुन्हा पेन हातात धरायचं नाही, असं तिने पुलावर उभं राहून मनाशी ठरवून टाकलं.

मंजुळाबाई अमळनेरजवळच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. अमळनेरच्या कॉलेजात एक वर्ष शिकली आणि अभिमन पाटलाशी लग्न होऊन देवपूरला आली. अभिमन एस. टी. डेपोत क्लार्क. माणूस साधा, पण थट्टेखोर. बायकोच्या लिखाणाचा विषय निघाला की म्हणायचा, "तुझी गाडी सुटते झकास, पण मुक्कामाला काही पोचत नाही." आणि घरात राज्य होतं ते त्याच्या आईचं, द्रौपदाबाईंचं. गल्ली त्यांना अक्का म्हणायची. अक्षरओळख नाही, पण गल्लीतलं कोणतंही भांडण त्यांच्या ओट्यावर आल्याशिवाय मिटायचं नाही.

हे साल अठ्ठ्याऐंशी. त्या साली ज्येष्ठ दोनदा आला, म्हणजे पहिला अधिक. अधिकात बायका महिनाभराचा नेम धरतात. कोणी एकदाच जेवतं, कोणी मौन पाळतं, कोणी अनवाणी चालतं. द्रौपदाबाईंच्या घरात नेम न धरता अधिक गेला, असं कधी झालं नव्हतं.

"का वं, तू काय नेम धरशी?" त्यांनी आदल्या संध्याकाळी सुनेला विचारलं.

मंजुळाबाईच्या डोक्यात दिवसभर कादंबरीच घुमत होती. "आत्याबाई, मी रोज लिहीन," ती बोलून गेली. "रोज एक अध्याय."

"देवनं का?"

"माणसांचं आहे. पण देव त्यात कुठेतरी असेलच ना?"

द्रौपदाबाईंनी थोडा विचार केला. मग देवापुढे पाट मांडला, सुनेला बसवलं आणि तिच्या तळहातावर पळीभर पाणी घातलं. "सोड पानी," त्या म्हणाल्या. मंजुळाबाईने पाणी सोडलं. "आते नेम मोडी दखाड," सासूबाई म्हणाल्या आणि वाती वळायला बसल्या.

अभिमनला हसू आवरेना. "माय, ती कादंबरी शे, पोथी नही."

"रोज लिखस, रोज वाचस, ते काय मंग? तुनं एस्टीनं तिकीट शे का?" आईने त्याला एका वाक्यात गप्प केलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या घराचा कायदाच बदलला. पोरं मामाच्या गावी गेलेली होती. मंजुळाबाई उजाडता उजाडता वही घेऊन बसायची आणि द्रौपदाबाई दार राखायच्या, सून नेमाला बसलीय असं सांगून येणाऱ्याला परतवायच्या. दूधवाला आला, "वहू नेमले बसेल शे." जुन्या कपड्यांवर भांडी देणारी आली, "वहू नेमले बसेल शे." वर्षानुवर्षं चुलीकडे न फिरकलेली बाई स्वतः भाकरी थापायला लागली. अभिमनने एकदा सवयीने चहासाठी हाक मारली, तर आई कडाडली, "तुना हात मोडनात का? तूच कर, आन तिले बी दे." बिचाऱ्याने केला. साखर विसरला, पण केला.

मंजुळाबाईने तो बिनसाखरेचा चहा पिताना डोळे पुसले. लग्नाला पंधराएक वर्षं झाली होती. ती स्वतःचं काही करत बसली आहे आणि दुसरं कोणी दार राखतंय, हे सुख तिला माहेरीसुद्धा मिळालं नव्हतं. कादंबरी काय असते हे सासूला ठाऊक नव्हतं, पण नेम काय असतो हे पक्कं ठाऊक होतं. मंजुळाबाईला तेवढं पुरे होतं.

आता खरी गंमत पुढे आहे. द्रौपदाबाई रोज पांझरेकाठच्या देवळात जायच्या आणि तिथे त्यांनी अभिमानाने सांगून टाकलं, आमच्या घरी सून रोज एक अध्याय लिहिते. मग काय विचारता? अधिकाचा महिना, पुण्य घरबसल्या मिळतंय! एके दुपारी गल्लीतल्या सहा-सात बायका आंघोळी करून, मूठ मूठ गहू घेऊन दारात हजर. गहू वहीपुढे ठेवले, वहीला हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडून बसल्या.

"अहो, ही पोथी नाही हो!" मंजुळाबाई कळवळून म्हणाली.

"अध्याय शे ना?" म्हाताऱ्या नर्मदाबाईंनी विचारलं.

"अध्याय आहे, पण..."

"मंग वाच माय. पन काय?"

तिने वाचलं. कादंबरीतली पोर वेणू. तिला मॅट्रिकला बसायचं असतं आणि लग्न होऊन ती सातपुड्याच्या पायथ्याच्या एका मोठ्या खटल्याच्या घरात येते. मंजुळाबाई आधी अडखळत वाचत होती, मग अडखळायची थांबली. अध्याय संपला आणि कोणी उठेचना. "पुढे?" समोरच्या मास्तरांच्या सुनंदाबाईंनी विचारलं. "उद्या," मंजुळाबाई म्हणाली, आणि त्या क्षणी तिला कळलं की आता उद्या लिहिलंच पाहिजे. मोतीलालभाऊंना थाप मारता आली असती. या बायकांना नाही. संध्याकाळी अभिमनने गव्हाचा ढीग पाहिला आणि म्हणाला, "वा! मानधन सुरू झालं."

पण एक मोठीच पंचाईत झाली होती. वही आपल्याशिवाय कोणी उघडणार नाही, या भरवशावर मंजुळाबाईने वेणूला एक सासू दिली होती. ही सासू दिव्यातलं रॉकेल लपवायची, म्हणजे पोर वाचणार नाही. बोलण्याआधी एकदा खाकरायची. रागावली की कमरेच्या किल्ल्या खळकन हलवायची. आणि समोर, अगदी पुढे, कमरेला किल्ल्या खोचून, हातात जपमाळ घेऊन द्रौपदाबाई बसलेल्या! सासूचा पहिला अध्याय वाचायची वेळ आली तेव्हा मंजुळाबाईने उगाच दोन पानं मागेपुढे उलटली. रॉकेलचा प्रसंग कसाबसा वाचला आणि ती खाली बघत राहिली.

"मुडदा बसो हिना!" द्रौपदाबाई ओरडल्या. "हाई सासू शे का सटवाई?"

बायका हसून हसून लोळल्या. "अक्का, अगदी आमच्या सासूबाई," सुनंदाबाई म्हणाल्या. नर्मदाबाई म्हणाल्या, माझी तर याहून वरचढ होती. जिला तिला आपापली सासू दिसली. द्रौपदाबाईंनाही त्यांचीच दिसली असणार, असं समजून मंजुळाबाई निश्चिंत झाली. मग रोज दुपारी वेणूच्या सासूला शिव्यांची लाखोली वाहिली जायची आणि त्यात सगळ्यात चढा आवाज द्रौपदाबाईंचा असायचा.

मग तो बिबड्यांचा अध्याय आला.

तो तिने बनवलेला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मंजुळाबाईचा कॉलेजचा पेपर होता. "जाशी ना," असं सासूने आदल्या दिवशी म्हटलंसुद्धा होतं. आणि त्याच पहाटे द्रौपदाबाईंनी ज्वारीच्या बिबड्यांचं, म्हणजे मोठाल्या पापडांच्या पिठाचं, भलंमोठं पातेलं चुलीवर चढवलं आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांना हातभार लावायला बोलावलं. आता दहा बायका अंगणात बिबडे थापताहेत आणि नवी सून साडी बदलून परीक्षेला निघते, असं कुठे होतं का? नको जाऊ, असं कोणी म्हटलं नाही. तिचे हात कोपरापर्यंत पिठात होते आणि अमळनेरची गाडी निघून गेली. तो विषय घरात पुन्हा कधी निघाला नाही. मंजुळाबाईने तो कादंबरीत जसाच्या तसा उतरवला, फक्त नाव वेणूचं घातलं.

हा अध्याय गाळावा, असं तिच्या मनात दहादा आलं. पण लिहिलेलं वाचायचं, असा पायंडा पडला होता, आणि खोटं बोलून नेम राखायचा तर तो नेम कसला? तिने वाचला. या वेळी कोणी शिव्या दिल्या नाहीत. सुनंदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. द्रौपदाबाईंची जपमाळ थांबलेली होती.

"पानी येवानी येळ व्हयनी," एवढंच म्हणून त्या उठल्या आणि नळावर गेल्या.

आता घरात काय होणार? काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता द्रौपदाबाई नेहमीसारख्या दारात बसल्या, भाकरी थापल्या आणि दुपारी वाचायच्या वेळी आणखी थोड्या पुढे सरकून बसल्या. शिव्याही पहिल्यासारख्या सुरू झाल्या. मंजुळाबाईला काही कळेना. तिने विचार करणं सोडून दिलं आणि लिहीत राहिली.

महिना संपत आला तशी नणंद ताईबाई आणि तिचे यजमान तोताराम चोपड्याहून धोंडे खायला आले. अधिकात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे, अनारसे खाऊ घालायचे, हा मान कोणाला चुकत नाही. तोतारामांनी केळीचा घड आणला होता. द्रौपदाबाई नको नको म्हणत असताना मंजुळाबाई अनारसे तळायला बसली. महिनाभर सासूने केलं, एक दिवस तरी आपण करू, एवढाच तिचा हेतू. अनारसा उलटताना झारा कढईच्या कडेत अडकला, कढई कलली आणि उकळतं तूप तिच्या उजव्या हातावर आलं.

डॉक्टरांनी बोटांसकट हात बांधला आणि सांगितलं, भरून येईपर्यंत हलवायचा नाही. अमावास्या तोंडावर आली होती. मंजुळाबाई कोपऱ्यात बसून रडायला लागली. हाताची आग होत होतीच, पण ती त्यासाठी रडत नव्हती. ट्रंकेत चौथी वही जाणार, हे तिला दिसत होतं.

"रडाले काय व्हयनं?" द्रौपदाबाई समोर येऊन बसल्या.

"नेम मोडला, आत्याबाई."

"असा मोडस का? बाई दूर बसस तवय देवजोडे दिवा कोन लावस? घरनं दुसरं मानूस लावस ना? नेम घरना ऱ्हास, एकलीना नही." मग त्या वळल्या. "अभिमन! वही उचल."

"मी?" अभिमन दचकला.

"मंग कोन? माले लिखता येस का? येतं ते तुले इचारती बी नही."

अभिमनने वही उचलली. पावत्या आणि हजेऱ्या लिहिणारा हात, अक्षर मात्र मोत्यासारखं. आता दुपारी जेवायच्या सुट्टीत डेपोतून आल्यावर तो बायकांच्या घोळक्यात अवघडून बसायचा, मंजुळाबाई सांगायची, तो लिहायचा आणि बायका तिथल्या तिथे ऐकायच्या. त्याने या महिन्यात कादंबरीची एक ओळसुद्धा वाचली नव्हती. मागचा धागा कळावा म्हणून त्याने एका सकाळी वही सुरुवातीपासून वाचायला घेतली. वाचून झाल्यावर त्याने वही मिटून मांडीवर ठेवली.

"त्या बिबड्यांच्या दिवशी मी कुठे होतो?" त्याने विचारलं.

"ड्यूटीवर."

तो उठला. पेनात शाई भरली आणि त्या दिवशी साहेबांना सांगून लवकर घरी आला. गाडी आणि मुक्कामाची थट्टा त्याने पुन्हा केली नाही.

अमावास्या आली. शेवटचा अध्याय. खोली भरून गेली होती. खिडकीपाशी मोतीलालभाऊ येऊन उभे होते, कारण दुसऱ्या दिवशी त्यांना वही घेऊन जळगावला निघायचं होतं. मंजुळाबाईने शेवट केव्हाच ठरवलेला होता. वेणूची सासू मरते, वेणू मोकळी होते आणि परीक्षेला बसते. ती सांगायला लागली, "त्या पावसाळ्यात वेणूच्या सासूने अंथरूण धरलं. औषधाचा गुण येईना..."

"थांब वं," द्रौपदाबाई म्हणाल्या. "ती मरस का?"

"हो, आत्याबाई."

"कसाले?"

"ती गेल्याशिवाय वेणूला परीक्षेला बसता येत नाही."

"मारू नको तिले."

बायका हसायला लागल्या. "अक्का, तूच ते तिले रोज शिव्या देस!" नर्मदाबाई म्हणाल्या.

"देस ना. ती कोन शे ते माले ठाऊक शे, म्हनीसन देस." द्रौपदाबाईंनी सुनेकडे बघितलं. "बिबड्याना दिनले समजनं माले. मी येडी नही वं."

हसणं एकदम थांबलं. अभिमनने मान वर केली नाही. मंजुळाबाईला कुठे बघावं ते कळेना.

"मग तुम्ही बोलल्या का नाहीत?" तिने हळूच विचारलं.

"बोलती, ते तू पुढे लिखती का? घाबरी जाती. नेम मोडता." द्रौपदाबाईंनी जपमाळ मांडीवर ठेवली. "एक डाव तुनं मोडं मी. दुसरा डाव मोडाले नही उनी मी आठे."

मंजुळाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बांधलेल्या हाताने ते पुसताही येईना. दिवसामागून दिवस या बाईने दारात बसून जे राखलं, ते काय आहे हे जाणून राखलं होतं. वहीत आपलं काय केलंय हे कळूनही तिने वहीचंच दार धरलं होतं. एवढं कोण करतं कोणासाठी?

"तिले जित्ती ठेव," द्रौपदाबाई सांगत होत्या. "मरी गयी ते तिले कसं समजी, पोर पास व्हयनी का नही? वेणू पेपर लिखाले जाई, तवय हाई सासूले बाहेर फाटकजोडे बसाड. पेपर सरस तवलोंग बसाड. उनमा. सावलीमा नको."

अभिमन पेन धरून बायकोच्या तोंडाकडे बघत होता. "काय लिहू?" त्याने विचारलं.

मंजुळाबाईने नाक ओढलं, घसा साफ केला.

"लिहा," ती म्हणाली. "अंथरूण धरलं ते खोडा. वेणूची सासू वेणूबरोबर तालुक्याला गेली. शाळेच्या फाटकापाशी कडुलिंबाचं मोठं झाड होतं. ती त्याच्या सावलीत बसली."

"सावलीमा नको सांगं ना तुले!" द्रौपदाबाई खेकसल्या.

"आत्याबाई, नेम घरचा असेल. कादंबरी माझी आहे. ती सावलीतच बसेल."

द्रौपदाबाईंनी पदराने डोळे पुसले, एकदा खाकरल्या, आणि पुढे सरकून लेकाच्या वहीत, जिथलं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं तिथे, बोट ठेवलं.

"मंग तिना हातमा पानीना तांब्या तरी दे," त्या म्हणाल्या. "पोर बाहेर येई ते तिले तीस लागेल ऱ्हाई."

मंजुळाबाईने मान डोलावली आणि अभिमनने तांब्या लिहिला.